परवाची तोंडी

आमची मुलुंडची इमारत पाडायला घेतली त्या वर्षी आम्ही जग बघायला निघालो. माणसं आतल्या ओढीने वगैरे जगप्रवासाला निघतात असं मी वाचलं आहे. आम्ही रिडेव्हलपमेंटमुळे निघालो. नवीन घर होईपर्यंत बिल्डर दर महिन्याला भाडं देणार होता. त्या भाड्यात मुलुंड पूर्वेला जे घर मिळत होतं ते बघायला गेलो, तर एजंट म्हणाला, "बाथरूम जरा ॲडजस्ट करावं लागेल." बाथरूम ॲडजस्ट करायचं म्हणजे नेमकं काय, हे विचारायची आमची छाती झाली नाही. घरी येऊन बायकोने लॅपटॉप उघडला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अरे, एवढ्यात व्हिएतनाममध्ये समुद्राजवळ दोन खोल्या मिळतायत. बाथरूमसकट."

"पुरं बाथरूम?"

"टब आहे."

झालं. आमच्या घराण्यातला पहिला जगप्रवास असा टबावर ठरला.

बायकोच्या कंपनीने 'कुठूनही काम करा' असं केव्हाच सांगून ठेवलं होतं. त्यांना वाटत असावं, फार तर ठाण्याहून करेल. माझं काम तर काय, खिशातून नेण्यासारखं. मी मिक्सर, गिझर, इस्त्र्या असल्या वस्तूंच्या माहितीपुस्तिका मराठीत आणतो. 'झाकण घट्ट बसले असल्याची खात्री करा' हे वाक्य तुम्ही कुठे वाचलं असेल, तर ते माझं असण्याची बरीच शक्यता आहे. वाचलं नसेल तरीही राग नाही, कारण कुणीच वाचत नाही.

राहता राहिली मुलगी. ती आठवीत जाणार होती आणि तिला जगात कसलाही रस नव्हता. तिचं जग म्हणजे शाळेतला खिडकीजवळचा बाक आणि त्या बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण. शिशुवर्गापासून दोघी एकाच बाकावर. दरवर्षी बाक मोठा व्हायचा, पोरी मोठ्या व्हायच्या, बडबड तीच. एक वर्ष ऑनलाइन शाळा करायची आणि नववीला परत यायचं, असं आम्ही तिला समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, नववीला मी माझ्या वर्गात परत आले नाही ना, तर तुझं नवीन घर तू एकटाच वापर."

तेव्हा मी बाईंना भेटायला गेलो.

बाई म्हणजे तिच्या शाळेच्या मोठ्या बाई. मूळच्या जालन्याकडच्या, आता राहायला कांजूरला, माझी बहीण राहते त्याच बाजूला. नववीचं मराठी त्या अजून स्वतः शिकवतात. मी पन्नाशीला आलोय, मला साखर आहे, सोसायटीच्या सभेत मी बिल्डरच्या वकिलाला तोंडावर बोललोय. पण बाईंसमोर उभा राहिलो की माझा हात आपोआप शर्टाची वरची गुंडी शोधतो.

"दाखला काढा आणि जा," बाई म्हणाल्या. "परत याल तेव्हा जागा असली तर असली."

मुलगी शेजारी उभी होती. तिचे डोळे भरले. बाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"तिकडच्या शाळेत मराठी आहे?"

"दुसरी भाषा हिंदी किंवा फ्रेंच," मी म्हणालो. शाळा बंगळुरूच्या कुठल्याशा कंपनीची होती आणि फोनवरची मुलगी मला 'सर, यू विल लव्ह इट' म्हणाली होती. हे बाईंना सांगितलं नाही.

"मग हिचं मराठी कोण घेणार?"

"मी," मी छाती काढून म्हणालो. "मराठी घेऊन बीए आहे मी."

बांगड्याचे कल्ले उचलून बघावेत तसं बाईंनी माझ्याकडे बघितलं. "ठीक आहे. मार्चमध्ये मी हिची तोंडी घेईन. मराठीला गंज चढलेला दिसला तर नववीत नाही घेणार. पास झाली तर जागा माझी जबाबदारी."

असा सौदा झाला. गणित-विज्ञान बायकोकडे, मराठी माझ्याकडे, आणि पोरीचा बाक आमच्या दोघांच्या हातात. त्यातल्या एकाच्या हातांना भोकं पडलेली आहेत, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

व्हिएतनाममधलं सगळं सांगत बसत नाही. समुद्र होता, टब होता, आणि त्या टबात बसून मी गिझरची पुस्तिका केली. ऑनलाइन शाळेतल्या मॅडम स्क्रीनवर येऊन रोज म्हणायच्या, "गुड मॉर्निंग, चॅम्प्स!" आणि आमची चॅम्प पांघरुणातून एक हात काढून 'प्रेझेंट' टाइप करायची. एकदा कॅमेरा चालू ठेवायची सक्ती झाली तेव्हा वर शाळेचा टीशर्ट, खाली हाफचड्डी, मागे दोरीवर माझे बनियन, असा वर्ग भरला. मॅडम म्हणाल्या, "नाइस बॅकग्राउंड." नेट एकच, माणसं तीन. बायकोची मीटिंग आणि मुलीची परीक्षा एकाच वेळी आली की दोघी मला म्हणायच्या, "तू बंद कर तुझं." मी बंद करायचो. माझं काम असं आहे की ते बंद केलं तरी जगातल्या एकाही मिक्सरला फरक पडत नाही.

मराठीचा तास मात्र मी सोडला नाही. अडचण एवढीच की वीस-बावीस वर्षं पुस्तिका लिहून माझं मराठी 'सदर' आणि 'असून' यांच्यावर उभं आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मी तिला निबंध सांगायचो, ती लिहायची. बायको एकदा मागून ऐकत होती. म्हणाली, "हे काय चाललंय? 'समुद्र हा खारट असून त्यात उतरण्यापूर्वी आवश्यक ती काळजी घ्यावी'? अरे, निबंध आहे की इस्त्री?"

"प्रमाण मराठी आहे ते," मी म्हणालो.

"बाबा, खाली वॉरंटी पण लिहू?" मुलीने विचारलं.

तिचं खरं मराठी दुसरीकडेच चाललं होतं. माझी आई कांजूरला माझ्या बहिणीकडे राहते. वडील गिरणीत होते, आई आयुष्यभर मुंबईत राहिली, पण तिची जीभ कणकवलीचा एसटी स्टँड सोडून पुढे आलेली नाही. ती रोज नातीला व्हिडिओ कॉल करायची आणि कॅमेऱ्यात फक्त कपाळ दाखवून गप्पा मारायची. नात तिच्याशी तिच्याच भाषेत बोलायला लागली. मी म्हटलं, "बाई प्रमाण मराठी बघणार आहेत." आई कपाळातून म्हणाली, "तुझा प्रमाण तुझ्या मिक्सरात घाल."

थंडी संपता संपता आम्ही जॉर्जियाला आलो. तिबिलिसीच्या जुन्या भागात एका म्हातारीच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या घेतल्या. तिकडे मटण भरून उकडलेले मोदक मिळतात. खरंच मोदक, कळ्या पाडलेले, शेंडीसकट, फक्त आत खोबऱ्याच्या जागी खिमा. फोटो आईला पाठवला तर तिने दोन दिवस उत्तर दिलं नाही, आणि मग एकच निरोप आला: "गणपतीक सांगू नको."

तिथे आपली घड्याळं दीड तास पुढे, त्यामुळे शाळा उजाडता उजाडता सुरू व्हायची. घरमालकीण म्हातारी पहाटे उठून बघायची तर पोर अंधारात स्वेटर घालून लॅपटॉपसमोर बसलेली. तिची अशी समजूत झाली की पोरीला काहीतरी आजार आहे आणि आम्ही तिचे दूरवरून उपचार करतोय. रोज ती चीज भरलेली गरम पोळी घेऊन खोलीत शिरायची, थेट कॅमेऱ्यासमोर उभी राहून पोरीच्या गालाला हात लावायची आणि स्क्रीनवरच्या मॅडमला तिच्या भाषेत चार शब्द सुनवायची. मॅडम म्हणायच्या, "हॅलो, ग्रँडमा!" म्हातारी आणखी भडकायची.

मार्च लागला. बाईंचा निरोप काही येईना. मुलगी रोज विचारायची, "बाबा, बाईंचा फोन?" मी म्हणायचो, "येईल." बाईंचा मेसेजवर विश्वास नाही, त्या फोन करतात, तोही साधा. आणि माझ्या भारतातल्या नंबरचं रिचार्ज संपलं होतं, हे मला फार नंतर कळलं. बाई बिचाऱ्या फोन लावत होत्या आणि एक बाई त्यांना सांगत होती की हा क्रमांक सध्या सेवेत नाही.

मग तो शनिवार. ऑनलाइन शाळेला शनिवारी सुट्टी. आम्ही डोंगरातल्या काझबेगी गावाला जायचं ठरवलं होतं. इतर प्रवाशांबरोबर जायची छोटी गाडी असते, तिच्यात जागा सांगितली होती. पायात बूट चढवत असताना माझ्या फोनवर आईचा आवाजी निरोप आला. मी तो मोठ्याने लावला.

"अरे झिला, सांगूक इसारलंय बघ. परवा तुमची ती बाई गावली मासळीबाजारात. म्हणाली, चेडवाची तोंडी परवा आसा, सकाळची. तुझो फोन लागना नाय म्हणान मी तिका सुनेचो नंबर दिलंय. आणि काय बांगडे होते म्हणान सांगू, हे एवढे! बरा, जेवलास?"

मुलगी बूट हातात घेऊन उभी राहिली.

"परवा म्हणजे कधी?" तिने विचारलं.

"परवा म्हणजे सोमवार," मी म्हणालो. "आज शनिवार. उद्या रविवार. परवा सोमवार. सोपं आहे."

"अरे पण आई म्हणतायत, बाई परवा भेटल्या," बायको म्हणाली. "म्हणजे गुरुवारी. गुरुवारी बाई म्हणाल्या परवा. गुरुवारचा परवा म्हणजे शनिवार. आज!"

मराठीत हा एक घोळच आहे. होऊन गेला तोही परवा आणि यायचा तोही परवा. काल आणि उद्या यांना वेगवेगळे शब्द दिले आणि त्यांच्या पलीकडे गेल्यावर आपले पूर्वज दमले. आईच्या एका निरोपात दोन परवा होते. पहिला मागे जाणारा यात वाद नव्हता, पण दुसरा आईच्या दिवसापासून मोजायचा की बाईंच्या, हे आईलाही विचारून कळलं नसतं.

"आजीला फोन लाव," मुलगी म्हणाली. लावला. आई उचलेना. सकाळी ती देवाजवळ बसते आणि फोन तांदळाच्या डब्यावर ठेवते.

"बाईंना लाव," बायको म्हणाली.

आता इथे खरं कारण सांगायला हरकत नाही. मला बाईंना फोन करायची भीती वाटत होती. 'नमस्कार बाई, परवा म्हणजे कधी?' हा प्रश्न मराठीच्या बीएने विचारायचा? म्हणून मी डोकं चालवलं. आणि ते असं काही झकास चाललं की मीच खूश झालो.

"हे बघा," मी म्हणालो. "आई बाईंना कुठे भेटली? मासळीबाजारात. आई गुरुवारी मासे खाते का?"

"नाही," बायको म्हणाली.

"मग गुरुवारी ती मासळीबाजारात जाईल कशाला? नाहीच जाणार. म्हणजे त्या भेटल्या बुधवारी. आई 'परवा' असंच ढोबळ म्हणतेय, आपण नाही का म्हणत, परवा-परवापर्यंत इथे पूल होता? बुधवारचा परवा शुक्रवार, तो तर होऊन गेला. काल तुला कुणाचा फोन आला का? नाही. म्हणजे दुसरा परवा आईचा. सोमवार. सिद्ध झालं."

बायकोच्या चेहऱ्यावर शंका होती, पण खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

"नक्की ना?" मुलीने विचारलं.

"मी बीए आहे," मी म्हणालो.

आम्ही निघालो. गाडी शहर सोडून डोंगराला लागली. मध्ये धरण, मग चढ, मग बर्फ. मुलगी पाठ करत बसली होती. मी तिला 'माझा परदेश प्रवास' हे प्रवासवर्णन लिहून दिलं होतं. सोमवारपर्यंत पाठ होईल, असा हिशोब. घाटाच्या वरच्या अंगाला गाडी थांबली. पुढे रस्त्यावर बर्फ घसरला होता आणि तो काढायला यंत्र आलं होतं. सगळी वाहनं ओळीने उभी. गाडीवाला उतरून सिगारेट ओढायला लागला. आत आम्ही तिघं आणि तीन-चार परके प्रवासी.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. तिने उचलला आणि स्क्रीनवर बाई.

मी नकळत गुंडी लावली.

शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी कॉल जोडून दिला असावा, कारण बाजूने एक हात येऊन स्क्रीन सरळ करत होता. मागे कपाट, कपाटावर गुंडाळलेले नकाशे. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा. बाहेर पोरांचा गलका.

"कुठे आहात?" बाई म्हणाल्या.

"बाई, आम्ही रस्त्यात आहोत," बायको म्हणाली. "आम्हाला वाटलं सोमवारी... जरा वेळ मिळाला तर..."

"मी परवा तुमच्या सासूबाईंना सांगितलं ना, परवा म्हणून?"

"म्हणजे आज," मी मागच्या सीटवरून म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"मागून कोण बोललं?"

"बाबा," मुलगी म्हणाली.

"त्यांना सांग, तोंडी तुझी आहे. आणि आत्ताच घेऊ. मला दुपारी शिक्षकसभा आहे, पुढच्या आठवड्यात दहावीची गडबड. तोंड बरोबर आणलंयस ना? मग झालं."

बायकोने फोन मुलीच्या हातात दिला. माझ्याकडे तिने एकदा वळून बघितलं. ती नजर मी इथे लिहीत नाही. सोमवारपर्यंत पाठ होणार असलेलं प्रवासवर्णन तिच्या मांडीवर होतं, अर्धं पाठ आणि अर्धं नाही. नववी, बाक, मैत्रीण, सगळं त्या हातभर स्क्रीनमध्ये येऊन बसलं होतं, आणि ते तिथे एका बांगड्याच्या जोरावर मीच आणून बसवलं होतं.

"पहिला प्रश्न," बाई म्हणाल्या. "आजची तारीख चुकली कशी? एका वाक्यात सांग."

"बाई, आजी आज म्हणाली की परवा बाई भेटल्या आणि परवा तोंडी आहे, पण बाबा म्हणाले की आजी गुरुवारी मासे खात नाही."

बाजूचा हात थांबला.

"हे वाक्य तू जोडलंस कशाने?"

"'पण'ने, बाई. उभयान्वयी अव्यय."

"हं." बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. "आता प्रवासाबद्दल सांग."

मुलीने श्वास घेतला आणि माझं मराठी सुरू केलं. "सदर देश हा डोंगराळ असून येथील हवामान थंड आहे. येथे येण्यापूर्वी आवश्यक ती..."

"थांब. हे काय मिक्सरचं पुस्तक वाचतेस?"

"हो, बाई," मुलगी म्हणाली.

बायकोने तोंडावर हात धरला. ती हसत होती की रडत होती हे मागून कळत नव्हतं. मी सीटमध्ये होता होईल तेवढा खाली सरकलो.

"ते ठेव बाजूला. खिडकीतून काय दिसतंय ते सांग."

मुलीने काचेवरची वाफ बाहीने पुसली. "बर्फ आहे. पण फोटोतल्यासारखा नाही, बाई. कडेला काढून टाकलाय ना, तो काळा पडलाय. कांजूरच्या डंपिंगसारखा ढीग आहे, फक्त वास नाही. त्यावर एक कुत्रा बसलाय. आमच्या सोसायटीचे चेअरमन सभेत बसायचे ना, तसा. सगळ्यांकडे बघतोय आणि काहीच करत नाही. आमचा गाडीवाला त्याला पाव घालतोय. तो आधी वास घेतोय, मग आमच्यावर उपकार केल्यासारखा खातोय."

"पुढे."

"आमच्या घरमालकीणबाई आहेत, त्यांना वाटतं मी आजारी आहे. रोज ओरडतात. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी येत नाही. मग मी त्यांना आजीच्या भाषेत उत्तर देते."

"काय देतेस?"

"'गप रव गे, माका माहीत आसा.'"

जालन्याच्या बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "प्रमाण मराठीत?"

"'शांत बसा आजी, मला ठाऊक आहे.'"

"यातलं बरोबर कुठलं?"

मुलीने विचार केला. "त्यांच्याशी पहिलं. तुमच्याशी दुसरं."

बाईंनी पुन्हा टिपलं. मग व्याकरण आलं. समास झाला, प्रयोग झाला. एकात अडखळली, एक सुटलं. मग बाई म्हणाल्या, "आता बर्फ बर्फ करत होतीस. बर्फ या शब्दाचं लिंग?"

"पुल्लिंग. तो बर्फ."

माझ्याने राहवलं नाही. आमच्या पुस्तिकेत, फ्रिजच्या, मी कायम 'बर्फ तयार झाले' असं लिहिलंय. मी कुजबुजलो, "नपुंसक... नपुंसक..."

"दोन्ही चालतं," बाई म्हणाल्या. "मागून बोललेलं तेवढं चालत नाही. ह्या गृहस्थांना गाडीतून उतरवा."

आणि बायकोने मला खरंच उतरवलं. दार उघडून, बोटाने बाहेर दाखवून. मी बर्फात गाडीवाल्याशेजारी जाऊन उभा राहिलो. त्याने अक्रोड ओवलेली, द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली एक लांब कांडी माझ्या हातात दिली. दिसायला मेणबत्ती, चवीला बरी. आतलं मला काही ऐकू येत नव्हतं. काचेतून फक्त पोरीचा चेहरा दिसत होता आणि तिचं हलणारं तोंड.

मग ती बोटाने काचेवर लिहायला लागली. वाफ धरलेली काच, आतून. मला बाहेरून ते उलटं दिसत होतं. बाईंनी एक ओळ लिहून दाखव म्हटलं होतं, हे नंतर कळलं, आणि कागदावर तर माझं प्रवासवर्णन होतं, म्हणून काच. मी उलट्या बाजूने अक्षरं लावत गेलो. 'मी नववित मुलूंडला येणार.'

मी बाहेरून काचेवर टकटक केली. दुसरी वेलांटी! पहिला उकार! खुणा केल्या. बायकोने पडदा ओढला.

पडदा परत उघडला तेव्हा मुलगी रडत होती. दार उघडून आत शिरलो, तर मुलीच्या हातातला फोन बंद झालेला. "काय झालं? काय म्हणाल्या?"

उत्तर बायकोने दिलं, बाईंच्या आवाजात. "'नववीत'ची वेलांटी चुकली, 'मुलुंड'चा उकार चुकला. स्वतःच्या गावाचा उकार चुकवणारी मुलगी मी आजवर पाहिली नाही. रोज एक पान शुद्धलेखन. पानं आजीकडे पाठव, मी बाजारात घेईन. दाखला घेऊन शाळा सुरू व्हायच्या आधी या. अ तुकडी."

"म्हणजे पास?"

"पास. आणि बीए झालेल्या गृहस्थांनी आजपासून शिकवणं बंद करावं, असंही सांगितलंय."

परक्या प्रवाशांना काय कळलं कोण जाणे, पण त्यातल्या एका बाईने मुलीला रुमाल दिला आणि एकाने टाळ्या वाजवल्या. माझा फोन वाजला. आई. पूजा आटोपली होती.

"आई, तू गुरुवारी मासळीबाजारात गेली होतीस?"

"गेल्लंय. मगे?"

"गुरुवारी तू खात नाहीस ना!"

"खावचा नसता रे मेल्या, घेवक कोणाची बंदी आसा? गुरुवारी बाजारात कुत्रो नसता, भाव पडलेलो असता. मीठ-हळद लावन ठेवायचा, शुक्रवारी तळायचा. इतकी वर्सा खातंस आणि ठावक नाय? तोंडीचा काय झाला?"

"झाली. पास."

"होतलीच. मी शिकयलंय," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

तोवर मुलीने मैत्रिणीला कॉल लावला होता. मैत्रीण शाळेच्या गेटवरच होती, मागे मुलुंडच्या रिक्षा, दुपारचं ऊन, अंगात गणवेश, सुटलेली वेणी. मधल्या वर्षात त्या बाकावर दुसरी मुलगी बसायला लागली होती, हे आमच्या पोरीला माहीत होतं. आम्हाला तिने कधी सांगितलं नव्हतं.

"ए, झालं! अ मध्ये!"

"शप्पथ?"

"शप्पथ. पण ऐक ना... ती बसते ना आता तुझ्या शेजारी. नववीला तीच बसणार असेल तर सांग. मी मागे बसेन. चालेल मला."

"येडी आहेस का गं? तिला मी पहिल्या दिवशीच सांगितलंय. बस, पण खिडकीच्या बाजूच्या हुकला दप्तर लावायचं नाही. तो हुक तुझा आहे. तिने वर्षभर दप्तर खाली ठेवलंय, बिचारीने."

आमची पोर खालचा ओठ दाताखाली धरून फोनकडे बघत राहिली. मैत्रीण म्हणत होती, "ए, रडतेस काय? ए यार, रडू नको ना, माझ्याकडे रिक्षावाला बघतोय."

मी पुढे वाकलो. "काय गं, काय झालं?"

"काही नाही, बाबा," ती नाक ओढत म्हणाली. "तू जरा पुढे गाडीवाल्याशेजारी बस ना."

मी पुढे जाऊन बसलो. यंत्राने एका गाडीपुरता रस्ता मोकळा केला होता, आणि गाडीवाल्याने गिअर टाकला.